झबलं वर करा

जुलैतली रात्र, बाहेर मुसळधार, आणि तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी. दहा महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर आहे. शेजारी आजोबा उभे आहेत, घरून थर्मामीटर हातात धरूनच आलेले. "एकशे तीन आहे मॅडम, एकशे तीन," हे ते तिसऱ्यांदा सांगतात. ड्युटीवरची डॉक्टर मान हलवते, पण थर्मामीटरकडे बघत नाही. "ताई, झबलं जरा वर करा," एवढंच म्हणते आणि मनगटावरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून बाळाच्या उघड्या पोटाकडे बघत बसते. बाळ नुकतंच दूध पिऊन पेंगलेलं. अर्धं मिनिट जातं आणि आजोबांचा धीर सुटतो. "अहो, पोर फणफणलंय आणि तुम्ही घड्याळ काय बघताय?" ती बोट वर करून त्यांना थांबवते. मोजणं मध्येच चुकलं तर पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागते.

ती बाळाचे श्वास मोजत होती. लहान मुलांच्या संसर्गात तातडीने ठरवायच्या गोष्टी फार थोड्या असतात आणि त्यातली बरीचशी माहिती अशी उघड्या पोटावर, हातापायांच्या बोटांवर आणि मुलाच्या नजरेत असते. घरच्यांची नजर मात्र थर्मामीटरच्या आकड्यावर खिळलेली असते. मध्यरात्रीच्या कॅज्युअल्टीतले निम्मे वाद याच तफावतीतून होतात, असं मला अनेकदा वाटलं आहे.

श्वासच का, ते आधी बघू. बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून न्यूमोनिया ओळखायचा, हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात बाळ रडतं, नाकातली घरघर छातीतून आल्यासारखी ऐकू येते, आणि एकाच छातीवर दोन अनुभवी डॉक्टरांचं एकमत होईलच असं नाही. न्यूमोनियात फुप्फुसाच्या काही भागात हवेच्या जागी स्राव भरतो, फुप्फुस ताठर होतं. ताठर फुगा फुगवायला जोर लागतो, म्हणून बाळ खोल श्वास घ्यायचं सोडून उथळ आणि भराभर श्वास घेऊ लागतं. हा बदल दुरून दिसतो आणि मोजता येतो.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गोरोका नावाचं गाव आहे. तिथे फ्रँक शान या ऑस्ट्रेलियन बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट पद्धतशीर तपासली. खोकणाऱ्या शेकडो मुलांपैकी प्रतिजैविक कुणाला द्यायचं आणि रुग्णालयात कुणाला ठेवायचं, हे एक्स-रेशिवाय कसं ठरवावं? १९८४ साली त्यांनी मांडलेलं उत्तर होतं: श्वासांचा वेग आणि छातीचं आत ओढलं जाणं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयाप्रमाणे आकडे पक्के केले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान श्वास. मोजायचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची घाई इथे चालत नाही, कारण तान्ही बाळं चार श्वास भराभर घेतात आणि मध्येच क्षणभर थांबतात. बाळ शांत हवं, रडणारं किंवा दूध ओढणारं नको. अंगात कडक ताप असेल तर तेवढ्यानेही श्वास वाढतो, म्हणून ताप थोडा उतरल्यावर परत मोजतात.

आता यातला आपल्याकडचा भाग. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत न्यूमोनियावर काम सुरू केलं. तिथल्या आयांना हा आजार ठाऊक होता, त्याला त्यांचे स्वतःचे शब्दही होते. विदर्भात 'डब्बा' हा शब्द अजून ऐकू येतो. अडचण अशी, की उपचार पोचवायचे ते गावातल्या दाईमार्फत, आणि बहुतेक दाया निरक्षर, बारापलीकडे मोजता न येणाऱ्या. पन्नास श्वास त्या कशा मोजणार? बंग दांपत्याने त्यांच्यासाठी एक साधं यंत्र बनवलं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी तान्ह्यांसाठी, एक मोठ्या बाळांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया धरायचा आणि औषध सुरू करायचं. औषध होतं को-ट्रायमोक्साझोल. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेले आकडे असे: पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, दाया आणि आरोग्यसेवक काम करत होते त्या गावांत ८.१. बारापर्यंत मोजणारी बाई न्यूमोनिया ओळखते हे ऐकून शहरातल्या पुष्कळ डॉक्टरांच्या भुवया तेव्हा वर गेल्या असतील. पण आज आशा कार्यकर्तीला जे शिकवलं जातं, त्याच्या मुळाशी याच प्रकारचा विचार आहे.

मोजणी हा पहिला टप्पा. त्यानंतर बघायचं ते श्वासामागचे कष्ट. बाळाच्या फासळ्या कूर्चेसारख्या लवचीक असतात. आत जोराने हवा खेचली की छातीची खालची भिंतच आत बसते आणि पोट बाहेर येतं. आया याला 'पोट उडतंय' म्हणतात आणि हे वर्णन कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं आहे. सोबत नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येत असेल, तर ते बाळ दमत चाललंय. कण्हण्याचा तो आवाज म्हणजे बाळ अर्धवट मिटलेल्या स्वरयंत्रातून हवा अडवून धरतंय, फुप्फुस पुरतं मिटू नये म्हणून. अशा बाळाच्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिमीटर लावतात. ९० च्या खाली आकडा म्हणजे आधी ऑक्सिजन, मग बाकीची चौकशी.

श्वास वाढलेलं प्रत्येक मूल न्यूमोनियाचं नसतं, हेही तितकंच खरं. पावसाळ्यात आणि थंडीत दोन वर्षांखालची कितीतरी बाळं आधी शिंकतात, मग खोकतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत सूंसूं आवाज घेऊन येतात. हा ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे श्वासनलिकांच्या सर्वांत बारीक फांद्यांना आलेली सूज. बहुतेकदा तो आरएसव्ही या विषाणूने होतो. हा विषाणू १९५६ साली पहिल्यांदा सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, आणि त्याचं पहिलं नावही चिंपांझींच्या सर्दीवरूनच पडलं होतं. इथे प्रतिजैविकाचा उपयोग नाही. नाक मोकळं करणं, थोडं थोडं दूध पाजत राहणं, गरज पडली तर ऑक्सिजन, एवढंच. आजार आणखी दोन दिवस वाढून मग ओसरतो, हे घरच्यांना आधीच सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी ते दुसरा दवाखाना गाठतात आणि तिथे प्रतिजैविक मिळतं. तिसऱ्या दिवशी बाळ आपोआप सुधारतं आणि श्रेय औषधाला जातं.

क्रूपचं मूल ओळखायला तर झबलं वर करावंच लागत नाही. रात्री अचानक उठून कुत्र्यासारखं भुंकत खोकणारं, श्वास आत घेताना घशातून चिरका आवाज काढणारं मूल दारातूनच ऐकू येतं. सूज स्वरयंत्राखाली असते. डेक्सामेथासोनचा एक डोस बहुतेकांना पुरतो. अशा मुलाला आईच्या मांडीवरून उचलू नये आणि घसा बघायला जबरदस्तीने तोंड उघडू नये, कारण रडलं की आधीच अरुंद झालेली वाट आणखी अरुंद होते.

खोकल्याच्या गोड औषधांबद्दल मात्र मी संयम सोडून लिहिणार आहे. साध्या सर्दीत लहान मुलांना त्यांचा फायदा होत असल्याचा पुरावा नाही आणि दोन वर्षांखाली ती देऊ नयेत असं सरकारी सूचनाच सांगते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचे जीव गेले. मूत्रपिंडं निकामी झालेली त्यातली अनेक मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती. सर्दी त्यांना जी झाली होती, ती आठवड्यात गेली असती.

आता आजोबांचा थर्मामीटर. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप धरतात. मेंदूतला हायपोथॅलॅमस जंतूंशी झगडताना शरीराचं तापमान मुद्दाम वरच्या पट्टीला नेऊन ठेवतो. बाळ आधी कुडकुडतं, हातपाय गार पडतात, मग अंग तापतं, ते या चढाईमुळे. साध्या संसर्गातला ताप स्वतःहून मेंदू 'वितळवत' नाही, पण ही भीती इतकी सार्वत्रिक आहे की १९८० साली बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने तिला 'फीव्हर फोबिया' असं नावच दिलं. १०३ ताप असून पॅरासिटामॉलनंतर खेळायला लागलेलं मूल आणि १०१ ताप असून आईकडे न बघणारं मूल समोर असेल, तर डॉक्टर दुसऱ्याकडे धावतील. ताप उतरल्यावर मूल कसं दिसतं, हा आकड्यापेक्षा उपयोगी प्रश्न आहे.

तापाची भीती सर्वांत जास्त पेटते ती झटक्यांनी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शेकडा दोन ते पाच मुलांना तापात कधीतरी आकडी येते. डोळे फिरतात, दातखिळी बसते, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात. ते बघणाऱ्या आईला मूल गेलं असंच वाटतं. घरात मग कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. चमच्याने दात तुटतो, जीभ फाटते, आणि तुटका दात श्वासनलिकेत गेला तर भलतंच होऊन बसतं. मुलाला एका कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. पाच मिनिटांपुढे गेली तर नाकात मिडाझोलामचा फवारा देतात. एकदा तापात आकडी आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशांना ती पुन्हा येते. वेळेवर पॅरासिटामॉल पाजून ती टळते, असंही नाही, हे सांगितलं की बाप निराश होतो.

तरी डॉक्टर आकडीनंतर सगळ्यात काळजीपूर्वक बघतात ते हे, की मूल जागं होतंय का. साध्या तापाच्या आकडीनंतर मूल थोडा वेळ झोपतं आणि मग उठून रडतं, आईला ओळखतं, पाणी मागतं. जे उठत नाही, किंवा उठूनही अनोळखी नजरेने बघतं, त्याच्या मेंदूतच संसर्ग असू शकतो. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला एक विषाणू पुण्याच्या शास्त्रज्ञांनी १९६५ साली शोधला. कित्येक वर्षं तो फारसा कुणाच्या ध्यानात नव्हता. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं मेंदूच्या तीव्र आजाराने आजारी पडली आणि १८३ दगावली, तेव्हा तपासात बोट त्याच्याकडे गेलं. वाळूमाशी तो पसरवते. संध्याकाळी ताप, रात्री आकडी, सकाळी बेशुद्धी, इतकी त्याची चाल वेगवान असते. म्हणून आकडीनंतर न उठणारं मूल हे घरी वाट बघण्याचं काम नव्हे.

पॅरासिटामॉलचा विषय निघालाच आहे तर कपाटातल्या बाटल्या काढून बघा. एका सिरपवर लिहिलेलं असतं ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. दुसऱ्यावर ५ मिलिलिटरला २५०. आणि लहान, ड्रॉपरच्या बाटलीवर १ मिलिलिटरलाच १००. डोस ठरतो वजनावर, एका वेळी किलोमागे सुमारे १५ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम हवेत. ते पहिल्या सिरपमध्ये सहा मिलिलिटर होतात, दुसऱ्यात तीन, थेंबांत दीड. 'मागच्या वेळी सहा दिलं होतं' हे लक्षात ठेवून कुणी थेंबांच्या बाटलीतून सहा मिलिलिटर पाजलं, तर चौपट डोस गेला. रात्री दोन वाजता, झोपेत, मोबाइलच्या उजेडात ही चूक कुणाच्याही हातून होते. तान्ह्यांसाठी म्हणून बनवलेली बाटली सर्वांत तीव्र असते, ही गोम माझ्या मते औषधांच्या दुकानातच समजावून सांगायला हवी. कॅज्युअल्टीत मूल आलं की 'वजन किती?' हा प्रश्न नावाच्याही आधी येतो. मूल काट्यावर ठेवण्याच्या अवस्थेत नसेल, तर काही ठिकाणी त्याच्या शेजारी रंगीत पट्टी अंथरतात आणि लांबीवरून वजनाचा अंदाज घेतात. जेम्स ब्रोझलो या अमेरिकन डॉक्टरची ही युक्ती.

ताप उतरण्याने जीव भांड्यात पडतो. डेंग्यूत नेमका तिथेच घात होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप ओसरतो, घरचे देवापुढे साखर ठेवतात, आणि त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातला द्रव झिरपून पोटात, छातीत साचू लागतो. ताप नाही, पण मुलाचं पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, हातपाय गार आहेत, सहा तासांत लघवी झालेली नाही, तर ते मूल त्याच क्षणी रुग्णालयात हवं. आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे असतं, पपईच्या पानांचा रस त्यासाठीच पाजला जातो. द्रव झिरपतोय का हे सांगणारा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालं आहे याचं माप, त्याच रिपोर्टवर प्लेटलेटच्या आसपासच छापलेलं असतं आणि घरात कुणी ते वाचत नाही. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड आणि अॅस्पिरिन दूर ठेवतात, कारण रक्तस्राव वाढतो.

गार हातपायांवर थोडं थांबू या. मोठ्या माणसाचं रक्त किंवा पाणी कमी झालं की रक्तदाब लवकर घसरतो. मुलाचं शरीर शेवटपर्यंत दाब टिकवून धरतं. त्वचेकडचा, हातापायांकडचा पुरवठा तोडून ते मेंदू-हृदयाला रक्त पुरवतं. म्हणून मुलाच्या बाबतीत रक्तदाब कमी दिसला, तर खूप उशीर झालेला असतो. त्याआधीची खूण बोटांवर सापडते. नखावर पाच सेकंद दाबून सोडायचं, पांढरी पडलेली जागा परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले आणि हात गार असतील तर धोका.

असं मूल रांगेत सव्विसावं असेल तर काय उपयोग? मलावीतल्या ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात एलिझाबेथ मॉलिन्यू आणि सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास याच प्रश्नाला हात घातला. मूल आलं की आधी केसपेपर, मग रांग, मग नंबर, ही आपल्याही ओळखीची पद्धत तिथे होती. त्यांनी दारातच एक चाळणी लावली: श्वास चाललाय का, हात गार आहेत का, आकडी आहे का, मूल शुद्धीवर आहे का. यातलं काही असेल तर केसपेपर नंतर. नवी इमारत नाही, महागडी यंत्रं नाहीत, जागेची आणि कामाची फेरमांडणी मात्र केली. भरती मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण आधी शेकडा १० ते १८ होतं, ते ६ ते ८ वर आलं. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसलेल्या कुणालाही माझी एक विनंती आहे: पुढच्या बाईच्या खांद्यावरचं मूल मान टाकून पडलेलं दिसलं, तर नंबर विसरून तिला पुढे ढकला आणि आरडाओरडा करा.

आणि डॉक्टरांचंही सगळं पाठच असतं असं नाही. गार हातपायांच्या, म्हणजे शॉकमधल्या मुलाला भराभर सलाइन चढवायचं, हे वर्षानुवर्षं शिकवलं जात होतं. युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ आजारी मुलांवर कॅथरीन मेटलंड यांच्या गटाने ते तपासून बघितलं. २०११ साली निकाल आला तेव्हा बालरोगतज्ज्ञ हादरले. भराभर द्रव दिलेल्या दोन गटांत अठ्ठेचाळीस तासांतले मृत्यू शेकडा १०.६ आणि १०.५, आणि न दिलेल्या गटात ७.३. यात मलेरियाची मुलं खूप होती, अतिदक्षता विभाग नव्हते, त्यामुळे सगळीकडे हा निकाल जसाच्या तसा लागू करता येत नाही. अतिसाराने सुकलेल्या मुलाला तर द्रव लागतोच. पण तेव्हापासून सलाइनची पूर्ण बाटली एकदम सोडण्याआधी हात थांबतो, मध्ये मध्ये यकृत चाचपून बघतात, छाती ऐकतात.

तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप हा वेगळाच मामला. तिथे हसतं-खेळतं दिसण्यावर विसंबता येत नाही, आणि अगदी नवजात बाळाला गंभीर संसर्गात ताप येईलच असंही नाही, ते गार पडतं आणि दूध सोडतं. म्हणून १००.४ च्या वर ताप असलेलं असं बाळ आलं की रक्त, लघवी आणि बहुधा पाठीतलं पाणी, तिन्ही तपासतात. लघवी मिळवणं हे एक नाटकच असतं. पिशवी चिकटवून घेतलेल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू मिसळतात. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळाच्या ओटीपोटावर थंड सलाइनमध्ये भिजवलेला गॉजचा बोळा गोल फिरवून पाहिला. पाच मिनिटांत लघवी करणारी बाळं १२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेली. आपल्या आज्या ओल्या हाताने पोट पुसत 'शूऽऽ' करत बसायच्या, त्याची आठवण मला झाली. त्यांचं कुणी मोजलं नाही एवढंच.

पाठीतल्या पाण्याचं नाव काढलं की मात्र घरात सभा भरते. 'सुई लागली की पाय जातात.' सुषुम्नेचा दांडा नवजात बाळात कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो, मोठेपणी त्याहूनही वर. सुई त्याच्या खालच्या मोकळ्या पोकळीत घालतात, जिथे फक्त मज्जातंतूंचे सुटे धागे पाण्यात तरंगत असतात. जर्मनीतल्या हाइनरिश क्विंकेने १८९१ मध्ये ही सुई पहिल्यांदा वापरली. पाय जाण्याच्या ज्या कहाण्या गावात फिरतात, त्यात बहुधा मेंदुज्वरच पुढे सरकलेला असतो, आणि होकार मिळायला लागलेला उशीर त्यात भरीला पडलेला असतो. एक गोष्ट चांगली घडली आहे. हिब आणि न्यूमोकोकस या दोन जंतूंच्या लसी सरकारी लसीकरणात आल्यापासून मेंदुज्वर आणि वाईट न्यूमोनियाचं एक मोठं कारण मागे हटलं. रोटाव्हायरसच्या लसीने जुलाबांचंही तेच केलं आहे.

जुलाबांबद्दल फार सांगायला नको, ओआरएस घराघरांत पोचलं आहे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपल्यावर मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून पाजलं आणि मृत्यू शेकडा ३० च्या जवळून ३.६ पर्यंत आणले, ही गोष्टही पुष्कळांना माहीत आहे. चुकतं ते छोट्या गोष्टींत. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घालायचं असतं, अर्धं पाकीट पेल्यात घालून खारट पाणी करायचं नसतं. उलटी करणाऱ्या मुलाला पेला तोंडाला लावला की तो उलटतो, दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा दिला तर टिकतो. कंटाळवाणं काम आहे, तासभर हात दुखतो, आणि तेच काम करतं. सोबत चौदा दिवस झिंक. आणि नावात ओआरएस असलेली गोड टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नव्हेत. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात ती अक्षरं वापरायला मनाई केली, तोवर कित्येक वर्षं ती आजारी मुलांना पाजली गेली.

इकडे कॅज्युअल्टीत मिनिट संपलेलं असतं. श्वास ४६. पन्नासच्या आत, छाती आत जात नाही, हात गरम, आणि बाळ डोळे उघडून डॉक्टरच्या घड्याळाचा पट्टा ओढू बघतंय. नाक वाहतंय, कान स्वच्छ आहेत, गळ्यात थोडी लाली. डॉक्टर वजन करून पॅरासिटामॉलचं माप चिठ्ठीवर लिहिते, बाटलीवरचा कोणता आकडा बघायचा त्याच्यासकट, आणि नाकात घालायचे सलाइनचे थेंब.

"सुई नाही? एवढ्या पावसात आलो," आजोबा म्हणतात.

"सुईची गरज नाही, बाबा. पण दूध सोडलं, पोट उडायला लागलं, उठवून उठलं नाही, सारखी उलटी झाली, तर पाऊस बघू नका, लगेच या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा." मग चिठ्ठी उलटी करून ती मागे ठळक अक्षरात लिहिते: मिनिटाला ५०.

आई तो आकडा वाचते. "मॅडम, मोबाइलच्या घड्याळावर मोजलं तर चालेल ना?"

"चालेल. पूर्ण मिनिट मोजा. झोपलेलं असताना, झबलं वर करून."